पेशन्स टरेलच्या मोठ्या बहिणी

वेस्ट हॅलम, मॅसॅच्युसेट्स
९ मार्च

कॉन्स्टन्स,

सोबतचं नळकांडं उघडताना आतला कागद ओढू नकोस, फिरवत फिरवत बाहेर काढ. ओढलास तर कडा फाटेल. कागद साधा नाही. आम्ल नसलेला आहे, शंभर वर्षं पिवळा पडणार नाही असं विकणाऱ्याने मला लिहून दिलं आहे. भिंतीवर लावणार असलीस तर खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नकोस.

आपली वंशावळ पुरी झाली. तू शाळेत होतीस तेव्हा मी हे काम हातात घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर माझे कागद पसरलेले असायचे आणि तुझी आई ते कोपराने बाजूला सारून ताटल्या मांडायची. आज ती असती तर म्हणाली असती, "झालं एकदाचं? आता माझं टेबल मला दे."

सगळ्यात वर इझिकिएल टरेल आणि त्याची बायको मेहिटबेल. तो लाकडी पिंपं बांधायचा. इंग्लंडहून बोस्टनला उतरला, काही वर्षं तिथे काढली आणि मग आणखी चार घरांबरोबर जंगलातून पश्चिमेला, आपल्या नदीपर्यंत आला. १६५९ साली त्यांना मुलगी झाली, पेशन्स. या गावात जन्मलेलं पहिलं मूल. ही माझी कल्पना नाही, गावच्या जन्मनोंदीत तिचं नाव सर्वांत पहिलं आहे. पेशन्स पुढे सॅम्युएल ॲमिडनची बायको झाली. तिचं शेंडेफळ जोनाथन, आणि जोनाथनपासून आपण. तू तिच्यापासून अकराव्या पिढीतली.

एका विद्यापीठातल्या प्राध्यापकाने आपल्या जाड पुस्तकात सॅम्युएलच्या लग्नाचं साल चुकवलं आहे. त्या काळी नवं वर्ष मार्चच्या पंचवीस तारखेला लागायचं, हे ते गृहस्थ विसरले. मी त्यांना नम्रपणे कळवलं. उत्तर आलं नाही. शाळा संपल्यावर मी थेट लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायला लागलो, हे मी त्या पत्रात लिहायला नको होतं बहुतेक.

जुलैत गावच्या स्थापनेचा सोहळा आहे. मधल्या हिरवळीवर पेशन्सच्या नावाचा दगड बसवायचं गावच्या सभेने ठरवलं आहे, 'गावचं पहिलं मूल' म्हणून. त्याच्यावरचं कापड तिचा वंशज या नात्याने मी बाजूला करायचं आहे. मी होय म्हणालो.

जावईबापू नील्सने फोनवर सप्टेंबरात बाळ येणार ही बातमी सांगितली. तू स्वतः सांगितली असतीस तर बरं वाटलं असतं, पण असो. तुमच्या दोघांच्या नावांखाली मी एक चौकट कोरी ठेवली आहे. भरशील तेव्हा शाईचं पेन वापर. बॉलपेन नको.

तुझा बाप,
रसेल ॲमिडन


६ एप्रिल

कॉन्स्टन्स,

नळकांडं परत मिळालं. पत्ता नील्सच्या अक्षरात होता. कागद नीट गुंडाळलेला होता, तेवढ्याबद्दल आभार. कोऱ्या चौकटीत पेन्सिलीने, तुझ्या अक्षरात, एवढंच आहे: लुईझा कुठे आहे?

मला वाटलं होतं तू तळाची ओळ वाचशील. उजव्या कोपऱ्यात नियम छापलेला आहे. ज्यांची वेल पुढे गेली नाही त्यांची नावं या कागदावर घेतलेली नाहीत. हा नियम मी तुझ्यासाठी केलेला नाही. माझा काका हॉवर्ड, जो कोरियातून परत आला नाही, तोही कागदावर नाही, आणि त्याच्या मांडीवर बसून मी मोठा झालो असतो असं माझी आई शेवटपर्यंत सांगायची. सगळ्यांना घेतलं असतं तर कागद गोठ्याच्या दाराएवढा झाला असता. आणि नियम आपल्या माणसापुरता वाकवला की खोट्या वंशावळी तिथून सुरू होतात. मी अशा शेकडो पाहिल्या आहेत. त्यातल्या निम्म्या एखाद्या इंग्रज सरदाराच्या घरी जाऊन थांबतात.

गेल्या वर्षी जानेवारीत तुमची लुईझा गेली तेव्हा मी आलो नाही, हेही तुझ्या त्या तीन शब्दांत आहे असं मला वाटतं. तू तसं लिहिलेलं नाहीस. त्या आठवड्यात काय थंडी पडली होती ते तू इथल्या कोणालाही विचार. निम्म्या गावाच्या भट्ट्या बंद होत्या, म्हाताऱ्या माणसांच्या घरातले नळ गोठून फुटत होते आणि हाताशी दुसरा माणूस नव्हता. मी तेव्हा फोनवर हेच म्हणालो होतो. तू म्हणालीस, "बरं, बाबा." मी ते 'बरं' असंच धरलं.

काल हे सगळं बर्निस कोवाल्चिकला सांगितलं. तुमची शाळेची बस चालवायची तीच. आता बस चालवणं सुटलं आहे आणि ती जुनी दफनभूमी सांभाळते, गवत कापते, पडलेले दगड उभे करते. माझं ऐकून तिने कात्री खाली ठेवली.

"त्या पोरीला तू छापील नियम दाखवलास?"

"नियम आहे, बर्निस."

"थांब्यावर नसलेल्या पोरासाठी बस थांबवायची नाही, हाही नियम होता. तुझी कॉनी रोज उशिरा यायची. एका पायात बूट, दुसरा हातात."

"मग?"

"मग काय. शाळेत पोचलीच ना रोज?"

पोचली, हे खरं. पण बसचा आणि वंशावळीचा नियम एक नव्हे, हे माझं मत कायम आहे.

सप्टेंबरात मी यावं का? पाहुणचार नको. तुमची भट्टी हिवाळ्याआधी कोणीतरी उघडून साफ करायलाच हवी, ती करून देईन. हो किंवा नाही, एवढं कळव.

बाबा


२४ मे

कॉनी,

तुझं हो नाही, नाहीही नाही. तरी लिहितो, कारण जे झालं ते तुला पहिलं सांगायचं आहे. गावच्या सभेलाही अजून कळवलेलं नाही.

सोहळ्याला लोक दफनभूमीत फिरणार, आणि कोणी ठेचकाळून पडू नये म्हणून जमिनीत गेलेले दगड शोधायचे असं बर्निसने ठरवलं होतं. लोखंडी सळई हळूहळू मातीत खुपसत जायचं. माती असली की सळई मऊ जाते, मूळ असलं की अडखळते, आणि दगड असला की हाताला कळतं. हे काम माझ्याहून चांगलं कोणी करत नाही, म्हणून तिने मला बोलावलं होतं. तिने ते असं सांगितलं नाही. ती म्हणाली, "घरी बसून कागदांना इस्त्री करण्यापेक्षा ये इकडे. बटाटा भरून पिरोगी केलेत."

आम्ही मेहिटबेलच्या दगडापासून सुरुवात केली. बर्निस पालथ्या बादलीवर बसून खात होती.

"तुझ्या त्या पेशन्सला शेवटचं पोर कितव्या वर्षी झालं म्हणतोस?"

"एकोणपन्नासाव्या."

"आणि ते पोर म्हणजे तुझा जोनाथन."

"हो."

"मला स्टॅन बेचाळीसाव्या वर्षी झाला, रसेल. मी सांगते तुला. एकोणपन्नासाव्या वर्षी बाईला पोर नको असतं, खुर्ची हवी असते."

"अपवाद असतात."

"असतात की. आणि ते बरोबर तुझ्याच घराण्यात जन्माला येतात." मग जरा वेळाने म्हणाली, "आणि पहिलं मूल काय रे? त्याआधी इथल्या मूळच्या इंडियन लोकांना मुलं होत नव्हती वाटतं? मक्याच्या कणसातून निघायची?"

मी तिला सांगणार होतो की दगडावर 'पहिलं इंग्रज मूल' असं कोरावं ही सूचना मी लेखी दिली होती आणि जागा पुरत नाही म्हणून ती नाकारली गेली. तेवढ्यात सळई अडली. मेहिटबेलच्या डाव्या हाताला, वीतभर खाली. आणि तिच्या शेजारी, पुन्हा.

आम्ही हातानेच माती काढली. दोन दगड निघाले, पावाच्या लादीएवढे, शेतात नांगराला लागतात तसे, बिनघडणीचे. त्यांच्यावर पाणी ओतलं आणि मऊ ब्रशने पुसलं. काही दिसेना. अशा वेळी ऊन तिरपं पाडावं लागतं. बर्निसने गाडीतला आरसा आणला, बाजूला उभी राहिली आणि उन्हाची तिरीप दगडावरून सरकवली, तशा रेघा वर आल्या. पहिल्यावर पी. टी. आणि ६१. दुसऱ्यावर पी. टी. आणि ६४.

"दोन्ही पी. टी.?" बर्निस म्हणाली.

"दोन्ही."

"एक पेशन्स. दुसरी कोण मग?"

मी बादलीवर बसलो. ती तिथून उठली होती म्हणून बरं.

त्या लोकांत मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची रीत होती. कॉनी, मला ही रीत वीस वर्षं ठाऊक आहे. दुसऱ्यांच्या वंशावळींत दोन भावांचा एक भाऊ झालेला मी कितीदा दाखवून दिला आहे, आणि समोरच्याचा चेहरा उतरला की मला बरंही वाटलं आहे. आपल्या घरात मात्र एक जन्मनोंद सापडली, एक लग्न सापडलं, दोन्हीकडे पेशन्स टरेल, आणि मी मधे रेघ ओढून मोकळा झालो. मधल्या वर्षांची पानं लढाईत गाव जळलं तेव्हा गेली, त्यामुळे मला अडवणारंही कोणी नव्हतं. एकोणपन्नास वर्षांचं वय अडवत होतं. त्याला मी अपवाद म्हणालो.

१६५९ ची पेशन्स १६६१ मध्ये, दोन वर्षांची होऊन गेली. दुसरी पेशन्स फार तर तीन वर्षांची असताना गेली. सॅम्युएलची बायको ती तिसरी. दोन बिनघडणीचे दगड आणि चार अक्षरं, यावर कोणी न्यायाधीश निकाल देणार नाही. पण जागा मेहिटबेलच्या कुशीशी आहे आणि वयाचा हिशेब आता जुळतो. माझ्या मनात शंका नाही.

म्हणजे गावच्या पहिल्या मुलीचा वंशज कोणीच नाही. ज्या मुलीचा दगड गाव मोठ्या थाटाने बसवतं आहे तिची वेल पुढे गेली नाही, आणि माझ्या कागदावर, माझ्या नियमाने, तिला जागा नाही. हे मी बर्निसला सांगितलं. ती पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही.

आणखी एक. ते कोरीव काम पाथरवटाचं नाही. रेघा उथळ आहेत, एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढलेल्या. घरातल्याच कोणीतरी, हाताला लागलेल्या लोखंडाने काढलेल्या. इझिकिएल असेल. दुसऱ्या दगडावरचं अक्षर पहिल्यापेक्षा बरं आहे. हात बसला होता.

मी नवा कागद करायला घेतला आहे. नियम काढून टाकला. काका हॉवर्ड येईल, दोन्ही पेशन्स येतील, लुईझा येईल. तिच्या दोन्ही तारखा मला पाठव, मी अंदाजाने लिहिणार नाही.

आणि एक सुचवतो. दोन दिवस त्यावर विचार केला आहे. सप्टेंबरात मुलगी झाली तर तिचंही नाव लुईझाच ठेवा. आपल्या घराची ती रीतच होती, हे आता हातात आलं आहे. मेहिटबेलने तीनदा तेच नाव घेतलं आणि शेवटी ते टिकलं. तुझ्या आईचं नावही घरात राहील. हे मला फार मनापासून योग्य वाटतं.

बाबा


२७ जून

कॉनी,

काल नील्सचा फोन आला. हा माणूस एरवी तुमच्या तळ्यावरच्या धुक्यापलीकडे बोलत नाही, म्हणून त्याचा आवाज ऐकून मी आधी घाबरलो. तू बरी आहेस म्हणाला. 

"रसेल, तुमचं मे महिन्यातलं पत्र."

"मिळालं ना?"

"मिळालं. तिने उभ्याउभ्याच वाचलं. मग माझ्या हातात दिलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. मी जेवायला बोलावलं तरी आली नाही."

"मी वाईट काही लिहिलं नव्हतं, नील्स."

"नाही. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत हे मला कळतं. तिलाही कळतं. म्हणून तर जास्त लागलं तिला."

मी विचारलं, ती काय म्हणाली. तो सांगायला तयार नव्हता. मी म्हणालो, जसंच्या तसं सांग, मला अर्धवट नको. तेव्हा त्याने सांगितलं. तू म्हणालीस, "बाबांना वाटतं एक पार्ट गेला, त्याच नंबरचा दुसरा बसवायचा."

 चाळीस वर्षं मी हेच करत आलो आहे, कॉनी. बर्नरचं तोंड गेलं की पेटीतून त्याच मापाचं काढायचं, फिरवून बसवायचं, काडी लावायची, आणि घर गरम होतं. मला यापेक्षा चांगलं काही येत नाही.

"ते नाव झालंय, रसेल," नील्स म्हणाला. "ते एकीचं आहे." एवढं बोलून तो म्हणाला की त्याला कुत्र्याला बाहेर न्यायचं आहे.

मी काल झोपण्याआधी आणि आज कामावर याचाच विचार केला. मेहिटबेलच्या मनातलं मला कळलं असं मी धरून चाललो. दोन दगडांवरून. तिने ते नाव हौसेने पुन्हा घेतलं, की नवऱ्याने ठरवलं, की पाळकाने सांगितलं, की तिसऱ्या मुलीला त्या नावाने हाक मारणं तिने कित्येक दिवस टाळलं, हे कुठेही लिहिलेलं नाही. पुरावा नसलेली गोष्ट मी लिहीत नाही असं मी जन्मभर लोकांना सांगत आलो. आणि ही लिहिली, ती तुलाच.

लुईझाच्या तारखाही मी 'पाठव' म्हणून मागितल्या. आजोबाला त्या ठाऊक असायला हव्या होत्या. जन्माची मला ठाऊक होती, तुझ्या आईच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची. दुसरी मी तेव्हा ऐकली होती आणि ठेवली नाही.

सप्टेंबरात येऊ का, हे मी विचारलं होतं. तो प्रश्न मागे घेतो. उत्तर देण्याचं ओझं तुझ्यावर नको. ऑगस्टच्या अखेरीस तिथल्या एखाद्या माणसाला सांगून भट्टी उघडून बघायला लाव, काजळी साठली की विषारी वायू घरात येतो. हे तेवढं कर.

बाबा


१४ जुलै

कॉनी,

सोहळा झाला. मी कापड काढलं नाही.

दगडांचं मी सभेच्या अध्यक्षांना जूनमध्येच लेखी कळवलं होतं. हा अध्यक्ष, गेल, विम्याचं काम करतो, त्याला सगळ्या गोष्टी मिटवायच्या असतात. म्हणाला, "रसेल, दगडावर 'पहिलं मूल' लिहिलंय. ती पहिलं मूल होतीच ना? मग अडतं कुठे?" मी म्हणालो, अडतं ते वंशजापाशी. तो म्हणाला, "ते काय कोणी विचारणार आहे?"

कोणी विचारलं नाही हे खरं. बँड वाजला, शाळेची मुलं पांढऱ्या टोप्या घालून उभी होती, चर्चच्या बायकांनी घेवड्याच्या बियांचा आणि काळ्या पावाचा बेत केला होता. माझं नाव पुकारलं. मी पुढे गेलो आणि म्हणालो की ज्या मुलीचा हा दगड आहे ती दोन वर्षांची होऊन गेली, आणि तिच्यामागे तेच नाव घेतलेली दुसरीही गेली. मी तिच्या सगळ्यात धाकट्या बहिणीचा वंशज आहे. पहिल्या मुलीचा वंशज इथे कोणी नाही, तेव्हा हे कापड कोणीही काढावं.

मला वाटलं होतं लोक गंभीर होतील. एका बाळाने टोपी काढून फेकली. मागून कोणीतरी म्हणालं, "आता हा तासभर बोलणार." गेल माझ्या कानाशी लागला, "आजच सांगायला हवं होतं का? बँडवाले उन्हात उभे आहेत." शेवटी बर्निस पुढे झाली, तिने टेबलावरची चादर ओढावी तसं कापड ओढलं आणि म्हणाली, "हं. वाजवा."

संध्याकाळी ती डबा घेऊन आली. ती कधी न विचारता बसते. मी तिला नवा कागद दाखवला. आता तो खरंच गोठ्याच्या दाराएवढा झाला आहे. तिने बोटाने खाली खाली येत तुमच्यापर्यंत पाहिलं. लुईझाच्या चौकटीत नाव होतं आणि जन्माची तारीख होती.

"ही कुठे आहे?" तिने विचारलं.

"तेव्हाही ते डुलुथलाच राहायचे. तिथेच..."

"ते नाही विचारलं. तू दर मेलेल्या माणसाबद्दल सगळ्यात आधी काय विचारतोस? गावात कुठेही अंत्ययात्रा दिसली की?"

मी म्हणालो, "कुठे पुरलं."

"मग?"

कॉनी, मी सहा राज्यांतल्या दफनभूमी फिरलो आहे. माझ्या कोणी नात्यागोत्यात नसलेल्या माणसांची रांग आणि जागा मला आजही तोंडपाठ सांगता येते. तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी थंडीबद्दल बोललो. नंतर ईस्टरला बोललो, तुझ्या वाढदिवसाला बोललो. विचारलं कधीच नाही. विसरलो असं म्हणता येत नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

लुईझा कुठे आहे? तू मला एप्रिलमध्ये हेच विचारलं होतंस, आणि मला वाटलं तू कागदाबद्दल विचारते आहेस.

गावाचं आणि दफनभूमीचं नाव कळव. तू नाही तर नील्सने कळवलं तरी चालेल. मी घरी येणार नाही, तुला भेटायचा हट्ट धरणार नाही. बघून परत जाईन.

बाबा


डुलुथ, मोटेलची खोली
३० ऑगस्ट

कॉनी,

नील्सच्या कार्डावर चारच ओळी होत्या: दफनभूमीचं नाव, उत्तरेचं फाटक, शनिवार सकाळ, मी असेन. त्याच्याकडून मला यापेक्षा अधिक नको होतं. दोन दिवस गाडी चालवून काल पोचलो.

आज पाऊस होता. तो फाटकापाशी उभा होता, थर्मास घेऊन. त्याने मला कॉफी ओतून दिली आणि आम्ही टेकडी चढलो. तळं तिथून दिसत असेल, आज दिसलं नाही. मला वाटलं होतं अजून दगड बसवलेला नसेल. लोक लहान मुलांच्या बाबतीत वर्षानुवर्षं थांबतात. पण दगड होता, करडा, नीट घडवलेला. मी वाकून वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

लुईझा ॲमिडन हालवर्सन.

मी नील्सला विचारलं, "मधलं नाव कोणी सुचवलं?"

"कॉनीनेच."

"कधी?"

"दवाखान्यात. पहिल्याच दिवशी, सगळं ठीक होतं तेव्हा. नर्स कागद भरत होती. कॉनी म्हणाली, ॲमिडन घाला, बाबांच्या कागदावर शोभेल."

तो तळ्याच्या बाजूला बघत होता. मला वाटतं मुद्दामच. मी दगडाच्या वरच्या कडेवर हात ठेवला. ओला होता, गार होता. दुसरी तारीख वाचली. आता ती माझ्याजवळ राहील.  मग नील्स म्हणाला, "तुम्ही इतके दूर आलात, भिजू नका," आणि आम्ही उतरलो.

फाटकाबाहेर माझ्या गाडीच्या पुढे एक निळी गाडी उभी होती. काचेवरचे वायपर चालू होते. तुझी गाडी कोणती ते मला ठाऊक नाही, पण आत बसलेली तू होतीस हे मला लांबूनच कळलं. तू मान एका बाजूला कलती ठेवतेस, आईसारखी. मी तुला शब्द दिला होता की भेटायचा हट्ट धरणार नाही. म्हणून मी टोपीला हात लावला, तुझ्या बाजूने पुढे गेलो, माझ्या गाडीत बसलो आणि निघालो. मला वाटलं, एकदा तरी मी सांगितल्याप्रमाणे वागलो.

मोटेलवर येऊन बूट काढताना डोळ्यांपुढे ते पुन्हा आलं. तुझ्या बाजूची काच खाली होती. सगळी नाही, अर्धी. एवढा पाऊस पडत होता आणि तुझ्या बाहीवर पाणी येत होतं. मी ते पाहिलं होतं. पाहिलं आणि नुसतं मनात टिपलं, की काच उघडी आहे, बाही भिजते आहे. माझी सवयच तशी आहे. एवढ्या पावसात माणूस काच कशाला खाली करतो, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. तू काही बोललीही असशील. वायपरचा आवाज होता. मला ऐकू आलं नाही असं मी म्हणेन, पण मी ऐकायला थांबलोच नव्हतो.

मी चुकीचं समजतही असेन. कदाचित आत काचेवर वाफ धरली असेल, एवढंच असेल. पण यावेळी मी पुराव्याची वाट पाहत नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. घराचा पत्ता इतक्या पत्रांवर लिहून मला पाठ झाला आहे. आता तुमच्या दाराबाहेरच्या पेटीत हे टाकतो आणि समोर रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून बसतो. दार वाजवणार नाही. आजचा दिवस आणि उद्याची सकाळ मी तिथे आहे. मग तू आलीस काय, न आलीस काय, परत जाईन, आणि न आलीस तर त्याचा कुठे उल्लेख करणार नाही.

पाऊस थांबलेला नाही. मी माझ्या बाजूची काच खाली करून ठेवतो.

बाबा